हिचा चाफा

आमच्या गावच्या नदीकाठच्या बागेचा इतिहास लिहायला कुणी बसलंच, तर त्याला फार शोधाशोध करावी लागणार नाही; माझ्या चुलत सासऱ्यांचं हजेरीपुस्तक तेवढं उतरवून काढलं की झालं. प्रवरेच्या काठी आधी उकिरडा होता. मग तारेचं कुंपण आलं, बाग झाली असं जाहीर झालं आणि नारळ फोडून मंडळी घरी गेली. मागे उरले ते नुकतेच शाळेतून निवृत्त झालेले आमचे मामंजी. जन्मभर पोरांची हजेरी घेतलेला माणूस. सकाळ झाली की जीभ वळवळायची. त्यांनी गावाकडून झाडं लावून घेतली आणि झाडांची हजेरी घ्यायला लागले.

झाड ज्यानं लावलं त्याचं नाव झाडाला. नाव पुकारायचं आणि पान हलेपर्यंत थांबायचं. वारा पडलेला असला तर मामंजी एकेका झाडापुढे छत्री टेकून दहा दहा मिनिटं उभे. पिंपळ तेवढा आगाऊ, कुणाचंही नाव घेतलं की हलायचा. त्याला ते मागच्या बाकावरचा म्हणत. एका सोनचाफ्याला मात्र नाव नव्हतं. तो आमच्या चुलत सासूबाईंनी लावलेला, त्या गेल्या त्याच वर्षी. आणि बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं कसं? त्याच्यापुढे मामंजी नुसते खाकरत. चाफा हलला की पुस्तकात ‘हिचा’ या शब्दापुढे उभी रेघ.

बहात्तरचा दुष्काळ पडला, नदीची नुसती वाळू राहिली. मामंजींनी फाटकावर फळा टांगला: आत यायचं तर तांब्याभर पाणी आणावे, तांदूळ धुतलेले चालेल. लोक हसले, पण आणू लागले. वेशीजवळची एक म्हातारी रोज कुरकुरायची, “मास्तर, आमच्या घरात पानी न्हाई, आन् तुमच्या झाडांचे लई लाड व्हय?” असं म्हणत म्हणतच तांब्या पालथा करायची.

चाफ्याचं पाणी घरच्या सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे. मी तेव्हा विशीतली. अंगात शहाणपणा इतका, की तो मावायला सासरचं घर अपुरं पडे. तांदळाचं धुवण जपून ठेवायचा मला कंटाळा. इकडे मीठ-हळद लावून ठेवलेल्या लोणच्याच्या कैऱ्यांना भरपूर पाणी सुटलं होतं. मिठानं माणसाला तरतरी येते, मग झाडाला का नाही? झालं. चार दिवस मोठ्या ऐटीत तांब्या झाकून नेला आणि चाफ्याला पाजला.

पानं कडेनं करपली, मग गळली. त्या सकाळी मामंजी खाकरले. थांबले. पुन्हा खाकरले. झाडावर हलायला पानच नव्हतं. घरी आले आणि पानावरून तसेच उठले.

लोक म्हणाले, मास्तर, उपटून टाका, दुसरं लावू. मामंजी म्हणाले, “रजेवर आहे. नाव कमी करायचं नाही.” दुसऱ्या दिवसापासून आळ्यातली माती उकरून त्यांनी नदीतला गाळ भरायला घेतला. घमेली वाहायला मी. सासरी मी इतकी गुणी कधीच नव्हते. माझ्या सख्ख्या सासूबाईंना वाटलं, मला बरं नाही. मामंजी अंघोळीचं पाणी चाफ्याला घालत आणि स्वतः ओल्या पंचानं अंग पुसत. हे वर्षभर. पुस्तकात रोज ‘रजा’.

पुढच्या वर्षी खोडाच्या बुंध्याशी करंगळीएवढं पान फुटलं. मामंजी खाकरले आणि ते पान हललं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मग मला राहवेना. रडत रडत म्हटलं, “मामंजी, कैरीचं खारं पाणी मीच घातलं होतं.”

“ठाऊक आहे. आळ्यातली माती पिवळी झाली होती. एवढी हळद घरात तूच घालतेस.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर रुसून माहेरी गेली असतीस. घमेली कुणी वाहिली असती?”

मामंजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. चाफ्याशेजारी मी त्यांच्या नावाचा दुसरा चाफा लावला, आणि हजेरीपुस्तक आपसूक माझ्याकडे आलं. नातवंडं हसतात, म्हणतात, आजी, सगळ्या झाडांना हाका मारतेस आणि या दोघांपुढे येऊन नुसती खाकरतेस. काय करणार? सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं कसं? मी खाकरते आणि छत्री टेकून उभी राहते. वारा पडलेला असला तरी मला घाई नसते.