दानिएल काका डावीकडे, मार्था काकू उजवीकडे

वेगवेगळ्या चर्चची माणसं महिन्यातून एकदा एका खोलीत बसवून पाहा. किस्से शोधायला वेगळं कुठे जावं लागत नाही, दारातल्या चपलांपेक्षा तेच जास्त साठतात. वर्ध्यातल्या आमच्या ऐक्य मंडळाची मी सेक्रेटरी. म्हणजे बैठकीचा वृत्तांत लिहायचा, चहा सांगायचा आणि कोणी रुसून उठलं तर त्याला गेटपासून परत आणायचं. माझं सगळं आयुष्य शाळेत मुख्याध्यापिका म्हणून गेलं, त्यामुळे तिसरं काम मला चांगलं जमतं.

०००

पहिल्याच बैठकीत आम्ही प्रभूची प्रार्थना एकत्र म्हटली. ‘वाइटापासून आम्हाला सोडव’ इथे कॅथलिक मंडळींनी आमेन म्हटलं आणि ती खाली बसली. आम्ही प्रोटेस्टंट मात्र सवयीने ‘कारण राज्य, सामर्थ्य, गौरव’ म्हणत पुढे निघालो. बसलेले अर्धवट उठले, उभे असलेले चाचरले. सगळ्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यात दोन्हीकडचे लोक घरून ठरवून आले होते. आम्ही त्यांच्या मानाखातर ‘सोडव’पाशी थांबलो आणि ते आमच्या मानाखातर पुढे गेले! कॅथलिक चर्चचे फादर मूळचे केरळचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. ते शांतपणे म्हणाले, "हे ऐक्य नव्हे. ही अदलाबदल आहे."

०००

देवळीचे पास्टर एसटीने येतात. त्यांच्या पेंटेकॉस्टल चर्चमध्ये सगळे एकाच वेळी, हात वर करून, मोठ्याने प्रार्थना करतात. एकदा प्रार्थनेची पाळी फादरांची होती. फादर डोळे मिटून गप्प उभे राहिले. त्यांच्याकडे मौन प्रार्थना असते हे आम्हाला ठाऊक होतं, पास्टरांना नव्हतं.

एक मिनिट गेलं. दीड गेलं. पास्टरांच्या जिवाची घालमेल मला दिसत होती. शेवटी ते फादरांच्या कानाशी गेले आणि अगदी मायेने म्हणाले, "फादर, नुसतं ‘हे प्रभू’ म्हना. पुढचं आपोआप सुचते."

फादरांनी खरंच ‘हे प्रभू’ म्हटलं. त्या दिवसापासून दोघांची गट्टी आहे.

०००

मंडळातलं माझं आवडतं जोडपं म्हणजे दानिएल काका आणि मार्था काकू. काका आमच्या चर्चचे, काकू कॅथलिक, फादरांच्या चर्चच्या. लग्नाला पन्नास वर्षं होत आलीत. दर रविवारी दोघं घरून बरोबर निघतात आणि चौकापर्यंत बरोबर चालतात. तिथून काका डावीकडे, काकू उजवीकडे. ज्याची उपासना आधी सुटेल त्याने चहाच्या टपरीपाशी दुसऱ्याची वाट पाहायची.

मी एकदा विचारलं, "काका, यावरून कधी भांडण नाही झालं?"

"कवा होईन?" काका म्हणाले. "घरी येता येता आधी तिच्या फादरचं प्रवचन आयकाव लागते, मंग माह्या पाळकाचं तिले सांगाव लागते. भांडाले टाइमच भेटत नाई."

०००

याच मार्था काकूंनी एका बैठकीत हात वर केला. एरवी त्या कधी बोलत नाहीत, म्हणून सगळे सावरून बसले.

"लग्नाले पन्नास वर्सं होऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "मले शाल नोको, हार नोको. एक डाव याईच्या संग, एका बाकावर बसून, एकाच भाकरीतलं प्रभुभोजन घ्याचं हाय. बस, एवढंच."

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत वाटून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस; बहुतेक चर्चमध्ये ते आपापल्याच लोकांना मिळतं. फादरांचा चेहरा उतरला. "काकू, आमच्या चर्चचा नियम परवानगी देत नाही. आणि मी तुम्हाला खोटा होकार देऊ शकत नाही."

आमच्या पाळकसाहेबांची तयारी होती, पण त्यांच्याआधी याकूबराव उठले. हे आमच्या चर्चच्या कमिटीतले सगळ्यात कडक सभासद. "आमच्या प्रभुभोजनाच्या मेजाले आजवर बाहेरचा हात लागला नाई," ते म्हणाले. "माह्या हयातीत तं लागू देनार नाई."

मला भयंकर राग आला. दोन्हीकडचे नियम आपापल्या जागी भक्कम, आणि मधल्या मध्ये ही म्हातारी बाई. वृत्तांतात मी ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं, कारण दुसरं जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. काकू तेवढ्या शांत होत्या. त्यांनी सगळ्यांचे चहाचे कप गोळा केले आणि काकांना घेऊन घरी गेल्या.

०००

वाद वाढू नये म्हणून पाळकसाहेबांनी तोडगा काढला. आधी एकमेकांची पद्धत तरी शिकून घेऊ. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या प्रभुभोजनाचं सामान आणायचं, नुसतं दाखवायला.

फादरांनी बिनखमिराच्या पातळ गोल चकत्या आणल्या. पास्टरांनी काळे मनुके उकळून केलेला रस बाटलीत आणला. याकूबरावांनी स्टीलची ताटली आणली होती. तिच्यावरचा पांढरा रुमाल त्यांनी सावकाश काढला.

"पाहा," ते म्हणाले. "कडा काढलेल्या, सारे तुकडे सारखे, एक कन सांडलेला नाई. आमचे दानिएल काका कापते. पन्नास वर्सांपासून हेच काम हाय त्याईच्याकडं. सांगा ना काका, कसे कापता तुमी?"

काका बाकावरून अर्धवट उठले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायबल समोर उघडं असताना माणूस खोटं तरी कसं बोलणार?

"याईले कुठं धड चाकू धरता येते," काकू म्हणाल्या. "लग्न झालं तवापासून मीच कापून राह्यली."

काका खाली बसले. याकूबराव ताटली धरून तसेच उभे.

"म्हंजे," त्यांनी विचारलं, "मी पयल्यांदा प्रभुभोजन घेतलं, तवाबी?"

"तवाबी. त्या दिवशी तुकडे जरा मोठे कापले होते मी. तुमी पोरं लई बारीक होते जी."

याकूबरावांनी ताटलीकडे पाहिलं. मग ते काका-काकूंच्या बाकापाशी गेले आणि त्यांनी ताटली दोघांसमोर धरली. काकूंनी हात पुढे केला नाही. त्यांनी फादरांकडे पाहिलं.

"यावर अजून प्रार्थना झालेली नाही, काकू," फादर म्हणाले. "आज हा साधा ब्रेड आहे."

काकूंनी एक तुकडा उचलला. अर्धा काकांना दिला, अर्धा स्वतः घेतला. दोघं खात होते, तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. फादर हात जोडून उभे राहिले होते, प्रभुभोजनाच्या वेळी राहतात तसे.