दादा बसला की फाइल जुळायची नाही

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी घाबरतो पालीला आणि बायकोला... त्यापुढे मजल गेली नव्हती. तरी हे सांगतोच.

२००५-०६ची गोष्ट. सेनगावात बसस्टँडसमोर माझे कॉम्प्युटर क्लासेस होते. पुण्याचा मित्र लिनक्सच्या, म्हणजे फुकट मिळणाऱ्या सिस्टिमच्या, सॉफ्टवेअरची सीडी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवायचा. वाटेत सीडीवर ओरखडे पडायचे, म्हणून इन्स्टॉल करण्याआधी मी प्रत्येक फाइलचा एमडीफाइव्ह तपासायचो. फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा... आत एक अक्षर बदललं तरी अख्खा अंगठा बदलतो. मूळ अंगठे मित्र ईमेलने कळवायचा. कॉम्प्युटर दोन्ही ताडून ‘ओके’ म्हणायचा.

त्याच सुमारास माझा थोरला भाऊ, दादा, मेंदूज्वरातून उठून नांदेडच्या दवाखान्यातून घरी आला. डॉक्टरांनी आशा सोडली होती — आणि एका सकाळी हा उठून बसला, चहा मागितला. तोच चेहरा, तेच टोचून बोलणं. वेळ जाईना म्हणून दुपारी माझ्या क्लासमध्ये येऊन बसायचा.

तो बसला की एकही फाइल जुळायची नाही. पान खायला बाहेर गेला — सगळ्या ओके. परत आला — सगळ्या फेल. मी सीडी बदलली, मशीन बदललं, स्टॅबिलायझर बदलला. मित्र फोनवर म्हणाला, “मेमरी खराब असेल.” कुणाची, ते नाही सांगितलं.

“काहून रे,” दादा हसला, “मला पाहून तुझं मशीन लाजून राहिलं का?”

“तू जरा बाहेर थांब ना, दादा.”

“आपल्याच भावाच्या दुकानाबाहेर उभं राहू व्हय?”

पण उठला. काचेपलीकडून त्याने स्क्रीनवर ‘ओके’ येताना पाहिलं. हसणं थांबलं. तसाच घरी निघून गेला.

संध्याकाळी चुलीपाशी आईला सगळं सांगितलं. तिचा भाकरी थापणारा हात थांबला नाही.

“मला तर तो आला त्याच दिवशी कळलं व्हतं,” ती हळूच म्हणाली.

“काय कळलं?”

“लेकरू घरी आलं न्हाई का? बस झालं. आता ह्यो तोच हाये का, ते तपासू नको. हात धू, अन् त्याला जेवाया बोलाव.”

बोलावलं. दादा माझ्याशेजारी बसला, न विचारता माझ्या ताटातलं लोणचं उचललं.

आई आता नाही. तिला नेमकं काय कळलं होतं, हे पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. दादा आमच्यातच आहे, मजेत आहे. उत्तर मला अजून सापडलेलं नाही... आणि सापडू नये म्हणून त्याच्यासमोर मी साधा पेनड्राइव्हसुद्धा लावत नाही.