वातींच्या बैठकीतले विंचू

वाती वळायला बसलं की हात गुंतलेले आणि तोंड मोकळं! त्यात विषय विंचवाचा असेल तर एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीचा तयार. यंदा श्रावणातल्या सोमवारी आम्ही नलिनीकडे लक्ष वातींना बसायचो. वागळे इस्टेटच्या मागे, टेकडीला टेकून तिची तळमजल्याची खोली. शेजारी टॉवरसाठी टेकडी खोदायला घेतली आणि तिथले विंचू हिच्या घरी यायला लागले. मी कापूस हातात घ्यायची, पण नजर सगळी सतरंजीखाली!

*

पहिला विंचू निघाला मोरीत. नलिनीने घाबरून हाताला आलं ते पातेलं त्याच्यावर उपडं घातलं आणि कंपनीत नवऱ्याला फोन लावला.

"अहो, लगेच घरी या. पातेल्याखाली विंचू आहे."

"मी शिफ्टला आहे गं!"

"मग मी काय करू?"

"पातेलं उचलू नकोस!" म्हणून सुरेशभाऊंनी फोन ठेवला.

पातेलं नेमकं दुधाचं होतं. त्या सोमवारी आम्हाला चहा मिळाला नाही!

*

दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर मॅडमना आम्ही मुद्दाम बोलावलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक वेळा नुसत्या वेदना होतात, माणूस बरा होतो. पण उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, असं काही दिसलं तर एक मिनिट घालवू नका. विष हृदयावर जातं. लहान मुलांना तर फारच जपा. बांधायचं नाही, कापायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि मोठ्या काळ्यापेक्षा तो बारका लाल जास्त वाईट!"

वातीवरची नजर न काढता नलिनीच्या शेजारच्या तारामावशी, आमच्यात सगळ्यात वडील, म्हणाल्या, "माणसांचंही तसंच असतं हो."

मॅडम हसल्या. मला हसू येईना. नलिनी मुळातच काडीसारखी, आणि टेकडीकडच्या भिंतीला उशी लावून झोपणारी.

*

उपाय सांगणाऱ्या तर घरोघरी! कुणी कांदा चोळ म्हणे, कुणी आघाड्याचं मूळ उगाळ. तारामावशींच्या गावी मंत्राने विंचू उतरवणारे एक बुवा होते.

"खरंच उतरायचा?" मी आशेने विचारलं.

"उतरायचा की! लांबून लांबून लोक यायचे."

"कधीच फेल नाही?"

"काय माहीत बाई. त्यांच्या स्वतःच्या मुलाला चावला, तेव्हा जीप करून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले."

*

नलिनीच्या मुलीने ऑनलाइन जांभळ्या उजेडाची टॉर्च मागवली. त्या उजेडात विंचू चमकतो म्हणे. दिवेलागणीनंतर आम्ही सगळ्या मागच्या भिंतीपाशी गेलो. टॉर्च लावली आणि हे एवढं मोठं पांढरंफेक काहीतरी चमकलं! मी सरळ रामरक्षा सुरू केली.

"अगं, थांब. माझा परकर आहे तो!" तारामावशी म्हणाल्या. "धुण्याची पावडर चांगली आहे ना नवी?"

हसून हसून पुरेवाट झाली. मग टॉर्च जरा खाली गेली. भिंतीच्या फटीत हिरवट काहीतरी चमकलं. त्याच्या शेजारी आणखी एक. पलीकडे आणखी.

"नले, माझ्याकडे झोपायला ये," मी म्हटलं. ती म्हणाली, "आणि देवाजवळ दिवा कोण लावेल?"

*

हरतालिकेला पत्री आम्ही टेकडीवरूनच आणतो. विकतची नलिनीला चालत नाही. सकाळी तिने पत्रीची जुडी सोडली आणि किंचाळली. पानांत तोच बारका लाल विंचू होता, बोटाला चावला!

रिक्षातच तिला उलटी झाली. घामाने ब्लाऊज भिजला, हात बर्फासारखे. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी गोळी काढली, नर्सने पाण्याचा ग्लास पुढे केला. नलिनीने तोंड घट्ट मिटलं.

"माझा निर्जळी उपास आहे. सलाईन लावा, ते तोंडातून जात नाही!"

"सलाईन लावतोच आहे, ताई. पण ही गोळी पोटात जायला हवी. आत्ता."

तोवर सुरेशभाऊ कंपनीतून धावत आले होते. "अगं, मला काही होत नाही. पी तू!"

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुमच्यासाठीच धरलाय!"

डॉक्टर मॉनिटरकडे बघत होते. मी मनात महादेवाला हाका मारत होते. निर्जळी उपास आम्हा सगळ्याजणींचाच होता, पण तारामावशींनी तर लग्न झाल्यापासून हरतालिकेला पाण्याचा थेंब घेतलेला नाही. बाळंतीण होत्या तेव्हासुद्धा नाही! नलिनीला समजावायचं सोडून त्या तिच्याच बाजूने उभ्या राहणार, या भीतीने माझा जीव वरखाली.

त्या पुढे आल्या. नर्सच्या हातातला ग्लास घेतला, आमच्या सगळ्यांच्या देखत घटाघटा अर्धा प्यायल्या आणि उरलेला नलिनीच्या ओठांना लावला.

"उष्टं आहे. चालेल ना?"

नलिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने गोळीसाठी हात पुढे केला.

मी नर्सला विचारलं, "ताई, अजून ग्लास आहेत का हो?"