महेजबीनला न लागलेले ठोसे

महेजबीनच्या क्लबात एक रीत होती. कुठल्याही पोरीला स्पर्धेला जायचं असलं, की आधी तिनं मॅडमसमोर रिंगमध्ये उतरायचं, तीन राउंड खेळायचे, मॅडमचा मार खायचा आणि मगच गाडीत बसायचं. पोरी हसत म्हणत, इथून वाचलो तर बाहेर कुणाच्या बापाला भीत नाही. शहरातले बॉक्सिंगवाले हे कौतुकानं एकमेकांना सांगत. बाई चाळिशी ओलांडून गेली, पण अजून एकाही पोरीला तिच्यावर राउंड घेता आलेला नाही.

तिच्या जुन्या नावाला ते शोभतही होतं. तिचे अब्बा सरदारभाई गुलमंडीच्या मागच्या गल्लीत शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. थोरल्या इम्रानला त्यांनी बॉक्सिंगला घातलं आणि त्याला एकट्याला कंटाळा येतो म्हणून धाकटीला सोबत धाडलं. इम्रान दोन महिन्यांत पळाला, ही राहिली. मुलींचं बॉक्सिंग तेव्हा नवंनवं होतं. सरावाला मुलगी मिळायची नाही, म्हणून ती पोरांशीच खेळली. पोरं ताकदीनं भारी, त्यामुळे मार चुकवायचा कसा हे ती आधी शिकली आणि मारायचा कसा हे नंतर. समोरच्याचा खांदा जरासा हलला की ठोसा कुठून निघणार ते तिला कळायचं, आणि तो पोचेपर्यंत ती तिथं नसायची. त्या कलेवर तिनं चारदा राज्याचं आणि एकदा देशाचं सुवर्ण आणलं. एवढं खेळूनही तिच्या नाकाला धक्का लागला नव्हता. लग्नात बायका तेच बघून बोलत होत्या, की बॉक्सर म्हणे आणि चेहरा तर बघा.

नवरा याह्याही एकेकाळी खेळायचा. बेताचाच होता, पण हौस दांडगी. त्यानंच क्रांती चौकाच्या मागं एक जुनं गोदाम भाड्यानं घेऊन रिंग उभी केली. दिवसा महेजबीन शाळेत खेळाची शिक्षिका आणि संध्याकाळी इथली मॅडम. क्लबाचं बाकी सगळं याह्या बघायचा.

वय होत होतंच. सुईत दोरा ओवायला चष्मा लागायचा, जिना उतरताना गुडघा बोलायचा, डावा खांदा थंडीत दुखायचा. पण रिंगमध्ये ती होती तशीच होती. एका कार्यक्रमात कुणीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "वय मी दोराच्या बाहेर ठेवून आत जाते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला ते वाक्य स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढं तिनं ते बऱ्याच ठिकाणी वापरलं.

तिच्या हाताखालून गेलेल्या पोरींमध्ये तनुजा सगळ्यांत सरस. शेंद्र्याच्या नानासाहेबांची ही मुलगी. त्यांची निम्मी जमीन कंपन्यांच्या वसाहतीत गेलेली. उरलेल्या रानात थोडं पिकवायचं आणि त्याच वसाहतीत पाळीवर कामाला जायचं, असं त्यांचं चाललेलं. पोरीला मोटारसायकलवर मागं बसवून ते रोज शहरात आणायचे. आली तेव्हा तनुजा शाळेत होती, हाडकुळी आणि अबोल. पण तिचा उजवा हात असा काही सुटायचा, की पहिल्याच आठवड्यात महेजबीननं घरी येऊन याह्याला सांगितलं, ही माझ्याही पुढं जाईल. पाच वर्षं तिनं त्या पोरीवर मेहनत घेतली. स्वतःच्या पोटची असती तरी याहून जास्त घेतली नसती.

गेल्या वर्षी राज्य स्पर्धा अकोल्याला झाली. तनुजा अंतिम फेरीत गेली. समोर नागपूरची उंच, लांब हातांची मुलगी होती. पहिल्या राउंडला तनुजा मागं पडली. मधल्या विश्रांतीत महेजबीननं तिच्या तोंडावर पाणी मारत सांगितलं, की पोरीचा डावा बघ, मारून परत येताना खाली पडतोय, वरून मोकळी आहे ती.

"दिसलं मॅडम," तनुजा म्हणाली.

दुसऱ्या राउंडला नागपूरच्या पोरीचा डावा खाली आला, तसा तनुजाचा उजवा त्याच्यावरून गेला आणि गालावर बसला. पुन्हा डावा खाली, पुन्हा उजवा. हॉलभर आरडाओरडा चालला होता आणि त्यातच महेजबीन एकाएकी गप्प झाली. तिला आठवलं, की आपला खांदा धरल्यापासून आपलाही डावा तसाच खाली येतो. याह्या एकदा म्हणालाही होता आणि तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. तनुजा दोन वर्षं तिच्यासमोर उतरत होती. त्या पोरीला तो पडणारा हात पहिल्या मिनिटात दिसला असणार. मग हा उजवा आपल्याला एकदाही कसा लागला नाही?

आणि मग तिला दुसरंही आठवलं. सरावात तनुजाचा खांदा हलायचा आणि मध्येच थांबायचा. पोर आपल्याला दबकते, असं समजून तिला मनातून बरं वाटत आलं होतं.

तिसऱ्या राउंडला पंचांनी लढत थांबवली. तनुजा जिंकली, धावत येऊन मॅडमच्या गळ्यात पडली. महेजबीननं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तो हात तिला स्वतःचा वाटेना.

परतीच्या एसटीत पोरी मागच्या बाकांवर गाणी म्हणत होत्या. महेजबीननं याह्याला सरळ विचारलं. त्यानं आधी टाळलं, मग सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी दीपमाला नावाच्या एका पोरीचा ठोसा महेजबीनच्या कानामागं बसला होता. तिला वाटलं होतं, किरकोळ आहे. पण त्यानंतर दोन दिवस ती तेच तेच पुन्हा विचारत होती, गॅसवर दूध ठेवून विसरत होती, शाळेतून येताना नेहमीचा रस्ता चुकली होती. डॉक्टरांनी याह्याला बाजूला घेऊन बजावलं, की आता डोक्याला मार नको. त्यानं तिला खेळ बंद करायला सांगून बघितलं, तेव्हा ती चार दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. मग त्यानं पोरींनाच सांगितलं, की मॅडमना खरा ठोसा मारायचा नाही.

"सगळ्यांना?" तिनं विचारलं.

"हो."

"नव्या येतात त्यांनापण?"

"पहिल्याच दिवशी सांगतो," याह्या म्हणाला. "तू ऐकलं असतंस का माझं?"

 ऐकलं नसतं, हे तिला माहीत होतं. त्याचाच तिला जास्त राग आला. जालना गेलं, बदनापूर गेलं, ती खिडकीबाहेर बघत राहिली. दोन वर्षं गोदामातल्या एकूण एक पोरीला जे ठाऊक होतं, ते तिला एकटीला ठाऊक नव्हतं. ती रिंगमधून घाम पुसत बाहेर यायची आणि पोरींना त्यांच्या चुका समजावून सांगायची. पोरी खाली मान घालून ऐकायच्या. त्या माना का खाली असायच्या, हे आता तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं तनुजाला ग्लोव्ह्ज घालायला लावले. पोर कालच जिंकून आलेली, अंग ठणकत होतं. पण ते कारण नव्हतं. मॅडमच्या चेहऱ्यावरूनच ती समजली होती.

"खरं खेळायचं," महेजबीन म्हणाली. "कालच्यासारखं."

"नाय मॅडम. मला नाय जमायचं."

"मग उद्यापासून इथं येऊ नकोस."

याह्या मध्ये पडायला आला. तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो दोराशीच थांबला.

तनुजा खेळली. आधी हातचं राखून खेळत होती, तेव्हा महेजबीननं तिला दोन कडक ठोसे दिले आणि एक शिवीही दिली. मग मात्र पोरीचे हात सुटले. तिचा खांदा हलला, महेजबीनला दिसलं. ठोसा उजवीकडून येणार, गालावर येणार, डावीकडं वाकायचं, हे सगळं तिला पूर्वीइतकंच लख्ख कळलं. आणि ती वाकायच्या आत तो लागला. दुसराही तसाच, तिसराही तसाच. एकही ठोसा तिच्या नकळत आला नाही. दिसला नसता तर निदान नशिबाला बोल लावता आला असता. डोळे होते तिथंच होते, अंगच मागं राहिलं होतं. शेवटी एक ठोसा बरगडीखाली बसला आणि तिचा गुडघा टेकला. पहिला राउंडसुद्धा पुरा झाला नव्हता.

तनुजा हुंदके देत तिला उठवायला वाकली. महेजबीननं तिचा हात झिडकारला. पोरीला शाबासकी द्यावी, एवढा मोठेपणा तिला त्या घडीला सुचायला हवा होता. पुढं कितीदा तरी तिला तसं वाटलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"दोन वर्षं कीव करत होतीस माझी. कुणी शिकवलं तुला हे? मी तर नाही शिकवलं."

तनुजा दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही आली नाही. नानासाहेब एकदा येऊन तिचे बूट आणि दोरी घेऊन गेले. जाताना ते याह्याला एवढंच म्हणाले, की पोरगी घरात धड जेवत नाय. पुढं ती पुण्याच्या एका मोठ्या प्रशिक्षण केंद्रात गेली आणि वर्षाच्या आत देशाचं सुवर्ण घेऊन आली. पेपरात तिचा फोटो तिथल्या कोचसोबत छापून आला. महेजबीननं तो शाळेच्या स्टाफरूममध्ये बघितला. बातमीत महेजबीनचं नाव नव्हतं.

सत्काराचं बोलावणं मात्र आलं. शेंद्र्यात ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता, ‘छत्रपती संभाजीनगरची वाघीण’ असा फलक होता. महेजबीनला जायचं नव्हतं, पण नानासाहेब स्वतः न्यायला आले आणि तिला नाही म्हणता आलं नाही. तिला पुढच्या रांगेत बसवलं. भाषणं झाली. मग तनुजा उठली. ती दोन वाक्यं बोलून खाली बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती बोलत राहिली. पाच वर्षं मॅडमनी कसं घडवलं ते तिनं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "देशात मी जिंकले, पण आमच्या मॅडमना मी आजपर्यंत हरवू शकले नाही."

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. कुणीतरी महेजबीनला हात धरून उभं केलं. तिनं उभ्याउभ्या लोकांना नमस्कार केला. दुसरं काय करणार होती?

मांडवातून बाहेर पडताना तिनं तनुजाला गाठलं आणि विचारलं, खोटं का बोललीस. पोर आता तिच्याहून उंच दिसत होती. बोलण्यातही पुण्याची सफाई आली होती. पण मॅडमसमोर ती जुन्याच बोलीत बोलली.

"मग काय सांगू मॅडम? तुमी पडल्या ते सांगू?"

तनुजानं वाकून तिच्या पायाला हात लावला आणि लोकांच्या गराड्यात निघून गेली. पुन्हा ती क्लबात आली नाही, फोनही केला नाही.

महेजबीननं त्यानंतर ग्लोव्ह्ज घातले नाहीत. दोराच्या बाहेर खुर्ची टाकून ती शिकवते. आवाज आहे, नजर आहे. खांदा बघ, पाय काढ, असं तिथूनच ओरडते. मॅडमशी खेळून जायची रीत बंद झाली आणि ती का बंद झाली हे एकाही पोरीनं विचारलं नाही. याह्याशी ती घरच्या सामानाचं, वीजबिलाचं, पाहुण्यांचं बोलते. खेळाचं बोलत नाही. तोही विषय काढत नाही.

तनुजाचं ते वाक्य मात्र शहरभर झालं. त्याच्या जोरावर यंदा क्लबात कधी नव्हत्या इतक्या पोरी आल्या. परवा गुलमंडीतली फहमिदा नावाची बाई तिच्या मुलीला, झेबाला घेऊन आली. तिनं पोरीला पुढं ढकलत विचारलं, की सोनं आणणारी तनुजासुद्धा तुम्हाला हरवू शकली नाही म्हणतात, ते खरं का.

याह्या दाराशी उभा होता. त्यानं मान दुसरीकडं वळवली.

"खरं आहे," महेजबीन म्हणाली, आणि झेबाला उभं कसं राहायचं ते दाखवायला उठली.