चौथ्या भागातली शेजारीण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच नाही. तुम्हालाच का सांगतेय, ते विचारू नका. आणि ऐकताना तोंड वाकडं करायचं असेल तर खुशाल करा, माझं काही जात नाही.

आधी पिक्चरचं सांगते. बंद पडलेल्या दवाखान्यातल्या भुताचे ते हिंदी पिक्चर, एकामागून एक भाग निघताहेत ते. पहिला लोकांना आवडला, दुसराही चालला. पुढच्या भागांना सगळे नावं ठेवतात — तीच बाई, तेच मोकळे केस, शेवटी तिला जाळायचं आणि पुढच्या भागात ती परत हजर! ठेवा नावं. मला पुढचेच भाग आवडतात. पहिल्या भागात भूत नुसतं भूत असतं. चौथ्यापर्यंत येता येता बनवणाऱ्यांकडची गोष्ट संपते, मग ते खापर फोडायला कुणीतरी शोधतात. चौथ्या भागात ते भूत शेजारची बाई धाडते. लाडवातून.

तो भाग मला नरसव्वानं दाखवला.

आम्ही मंगळवेढ्याकडून सोलापुरात आलेलो. चाळ सगळी तेलुगू विणकरांची, त्यात आमचं एक मराठी बिऱ्हाड. नरसव्वा आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. नवरा गेलेला, पोरबाळ नाही, दिवसभर विड्या वळायची. भुताचे पिक्चर म्हणजे तिचा जीव की प्राण! दुपारच्या खेळाला मला घेऊन जायची, तिकीट तीच काढायची. सगळं थेटर किंचाळत असायचं आणि ही बया तोंडात पदर कोंबून खिदळायची. "ए पिल्ला, डोळे उघड की! नुसती पावडर फासलीय तिला." घरी आलो की मी तिला त्या भुताची नक्कल करून दाखवायची — मान वाकडी, डोळे पांढरे, घोगरा आवाज. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

बारावीत होते तेव्हा सांगोल्याकडचं स्थळ आलं. डाळिंबाची बाग होती म्हणे. पोरगा कसला — चांगला बाप्या होता! मला शिकायचं होतं. मी रडले, जेवण सोडलं. कुणी ढुंकून बघितलं का? दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "शिकून काय कलेक्टर व्हायचंय व्हय?" मग पाहुणे येऊन बसले, माझ्या हातात पोह्यांचा ट्रे देऊन मला बाहेर पाठवलं, आणि मी तो ट्रे सोडून दिला. केस सोडले. मान वाकडी केली. अंगात आणलं.

त्याची मला लाज नाही. अजिबात नाही. आज तशी वेळ आली तर आजही आणीन, आणि जास्त झकास आणीन.

पण आमच्यात अंगात आलं की लोक नुसते बघत बसत नाहीत, विचारतात. थोरली आत्या पुढं झाली, माझ्या कपाळाला कुंकू फासलं. "कोण हाईस तू? कुटनं आलीस? कुणी धाडलं तुला?" पहिल्या दोन प्रश्नांना मी नुसती घुमले, त्यावर भागलं. तिसरा प्रश्न आत्या सोडेना. मिरच्यांची धुरी आणली. "नाव घे! कुणी धाडलं?" हे मी ठरवलंच नव्हतं हो. चिंचेखालची आहे म्हणाले असते तर? वाटेत धरलं म्हणाले असते तर? खपून गेलं असतं की. पण तोंडात आला चौथा भाग.

"शेजारनीनं. खायला घातलं."

आरडाओरडा ऐकून अख्खी चाळ दारात जमली होती. नरसव्वा सगळ्यांच्या पुढं. आणि ती हसत होती! ती मान, तो आवाज, सगळं तिच्या ओळखीचं. तिला वाटलं असणार, पोरीनं काय काम केलं बघा. तोंडात पदर, खांदे गदगदा हलताहेत. आत्या तिच्याकडं वळली. "बगा, बगा कशी हसतीय ती!"

झालं. आणखी पुरावा कशाला हवा होता कुणाला?

नरसव्वाला उमजायला जरा वेळ लागला. मग पदर खाली आला. "अवं, ह्ये पिच्चरमधलं हाय! विचारा की पोरीला!"

आणि विचारलं त्यांनी. हे नीट ऐका, मला सांगायचंय ते हेच. आईनं धुरी बाहेर नेऊन ठेवली, माझी हनुवटी धरली. "खरं सांग बाळा. हीच का?" घरात हवा मोकळी होती. कुणी मला धरलेलं नव्हतं. पहिल्यांदा नाव घेतलं ते घाबरून, असं म्हणता येईल. पण आता? नरसव्वा माझ्याकडं बघत होती — अगदी विश्वासानं, पोर आता सांगेल म्हणून.

मी मान हलवली. व्हय.

स्थळ मोडलं. मी शिकले. आज माझा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे, बायका हाताखाली आहेत, मी कुणाच्या बापाला भीत नाही. आणि नरसव्वा? तिच्याशेजारी विड्या वळायला कुणी बसेना. नळावर तिची घागर पायानं सरकवायचे. पोरांना तिच्या दारातून ओढून न्यायचे. शेवटी तिनं खोली सोडली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी आत बसून अभ्यास करत होते. आई अजून म्हणते, "त्या चेटकिणीच्या तावडीतनं सुटलीस बाई." मी चहा गाळते.

पाचवा, सहावा, सातवा, सगळे भाग मी बघितले. एकटीनं, दुपारच्या खेळाला. परवा आठवा बघायला गेले. भिकार आहे. ती बाई पलंगाखालून निघाली, सगळे किंचाळले, आणि दोन रांगा पुढं कुणीतरी खिदळलं. पांढरे केस. तोंडात पदर. ते खांदे मी कुठंही ओळखीन.

एवढी मी तोंडाळ बाई — काय केलं असेल मी? मध्यंतराचे दिवे लागायच्या आत उठून बाहेर आले.

चाळीत चेटकीण कुणी नव्हती. माझ्या अंगात काहीही आलेलं नव्हतं. आईनं विचारलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते, आणि मी मान हलवली.