थेंब पडेना

पंपाचं दुसरंही सील गेलं, त्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या डेप्युटी साहेबांनी मला बसासुद्धा म्हटलं नाही. केजपासून जीपमध्ये अंग चेपून आले होते, पाठ नुसती ठणकत होती.

“माल चांगला आहे म्हणता ना? मग माझा ऑपरेटरच नालायक. या खेपेला गळलं तर भानुदासला घरी बसवतो.”

भानुदासकाका दारातच उभे होते. गावाला पाणी देणाऱ्या या पंपावर त्यांचं आयुष्य गेलेलं, पण नोकरी कंत्राटी. घरी बसवायला एक फोन पुरे. त्यांनी मान खाली घातली. मला सगळ्याचाच वीट आला होता. मी सीलच्या कंपनीची सर्व्हिस इंजिनिअर. गळायला लागलं की लोकांना आठवते, एरवी नाही.

पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो, तिथून पाणी गळू नये म्हणून पूर्वी ग्लँड पॅकिंग असायचं, म्हणजे शाफ्टभोवती कोंबलेली दोरी. आता मेकॅनिकल सील असतं. आरशासारख्या गुळगुळीत दोन चकत्या. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी पंपाला नटांनी आवळलेल्या ग्लँड प्लेटमध्ये जागच्या जागी बसते. दोघी एकमेकींना टेकून चालतात आणि पाणी अडवतात.

गेलेलं सील खोललं. चकती एकाच बाजूनं झिजलेली. म्हणजे प्लेट तिरपी झाली असणार. पण तिचे नट मागच्या वेळी मीच आवळले होते. पंप आणि मोटर एका रेषेत आहेत का, ते अलाइनमेंट तपासलं, तेही ठीक. नवं सील बसवलं, पंप चालू केला आणि तिथंच स्टुलावर बसले. परतीची जीप चुकणार हे दिसत होतं. चुकू दे म्हटलं.

काकांना चैन पडेना. शाफ्टजवळ वाकायचे, खाली बोट लावायचे, कोरडं बोट बघायचे. शेवटी पाना आणला आणि ग्लँडच्या नटाला लावला.

“काका, काय करताय?”

“जरासं ढिलं करतो, मॅडम. थेंब पडंना. समदं जळंल की.”

“आधीच्या दोन्ही वेळेला असंच केलं?”

“मंग? आमी लई जपतो पंपाला.”

मी कपाळाला हात लावला. दोरीच्या पॅकिंगला थेंब लागतोच, त्यानं दोरी थंड राहते. काकांनी जन्मभर तो थेंब सांभाळला. सीलचं उलट असतं. नट ढिला केला की प्लेट तिरकी होते आणि चकत्या जातात. हे समजावलं तेव्हा काकांनी पाना खाली ठेवला.

“मंग आदी काहून न्हाई सांगितलं कुणी?”

मी साहेबांकडे गेले. “नट काका ढिले करत होते.”

“बघा. मी म्हटलं नव्हतं?”

“दोरी काढून सील बसवलं, हे त्यांना कोणी समजावलं होतं?”

साहेब टेबलावरचे कागद सारखे करू लागले. “मला वाटलं, तुमची कंपनी सांगेल.”

“कंपनीला वाटलं, तुम्ही सांगाल.”

मला तर भांडायचंही त्राण नव्हतं.

“राहू द्या त्याला,” साहेब शेवटी म्हणाले. “पण तो पाना इकडं आणून द्या.”

ते सील अजून चालू आहे. मशीन बदलायला सगळे धावतात, चालवणाऱ्याला दोन शब्द सांगायला कोणी थांबत नाही. इतक्या वर्षांत मी एवढंच शिकले. काकांचा मात्र अधूनमधून फोन येतो.

“मॅडम, आजबी कोरडंच हाय. जिवाला घोर लागतो.”

“काका, ते कोरडं आहे तोवरच तुमची नोकरी आहे,” मी म्हणते. “झोपा आता.”