सर गप्प झाले की

आमच्या खोलीत दिवसभर लोकांच्या पोटात डोकावायचं काम चालतं. दारावरच्या पाटीवर एंडोस्कोपी लिहिलंय, पण रत्नागिरीत सगळे त्याला दुर्बीण म्हणतात. दुर्बीण घालायची म्हटली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस काय काय बोलून जातो! मी इथली सिस्टर, सगळं माझ्याच कानावर पडतं. घरी जाऊन सांगायला बसले तर नवरा नेमका जेवत असतो. "आता नको गं," म्हणतो. मग हे किस्से साठत जातात, आणि कुणीतरी सापडलं की बाहेर पडतात. आज तुम्ही सापडलात.

आधी आमची दोन माणसं सांगते. एक आमचे सर. मूळचे कोल्हापूरकडचे, पण इथे येऊन हापूसची थोडी कलमं घेतली आणि बिघडले. दुर्बीण आत सरकवता सरकवता तोंडाने आंब्याचं चालू असतं. मोहोर किती आला, तुडतुडे किती पडले, कुठली फवारणी केली. पेशंटच्या तोंडात नळी, बिचारा ऐकून घेतो.

दुसऱ्या शेवंतामावशी, आमच्या आयाबाई. पेशंट घाबरला की मावशी स्वतः टेबलावर चढतात, डाव्या कुशीवर होतात, दातात माउथपीस धरून दाखवतात. "बघ, असा धरायचा. काय होत नाय." नातेवाइकाच्या खिशात तंबाखूची पुडी दिसली, की ती ओढून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतात. "ही कॅन्सरची पिशवी हाय," असं वर सुनावतात!

नवीन आलेल्या सिस्टरला पहिल्याच दिवशी मावशींनी कानात सांगितलं होतं, "सर आंब्याचा बोलतायत ना, तवर पेशंट सुटला म्हणायचा. सर गप्प झाले की समजायचा."

* * *

एक काका आले, अन्ननलिका सुजलेली. मी नेहमीचे प्रश्न विचारत होते.

"दारू घेता?"

"छे छे! शिवत नाय."

सरांनी दुर्बीण घातली, बाहेर काढली आणि म्हणाले, "काका, खरं सांगा. रोज किती?"

"सर, दारू नायच. काजूची घेतो फक्त, संध्याकाळची."

"अहो, मग ती दारूच ना!"

काका दुखावले. "सर, ती बोंडाची असते. बोंड म्हणजे फळ. मागच्या खेपेला तुम्हीच बोललात, रोज फळं खा म्हणून!"

मी आ वासून बघत राहिले. सर शांतपणे म्हणाले, "काका, फळ चावून खायचं." काकांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं हे तोंडावर दिसत होतं.

* * *

मिरकरवाड्याचे एक तांडेल होते. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. हा माणूस थेट स्टोव्हवरून उतरवलेला चहा पितो, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. मला वाटलं, बायका जरा वाढवून सांगतातच. तेवढ्यात त्यांनी थर्मास उघडला आणि माझ्यासमोर घोट घेतला. मी म्हटलं, बघू तरी, आणि कपाला हात लावला. हात झटकन मागे! बोट लाल झालं माझं. आणि हा माणूस ते घशाखाली ओतत होता, वर्षानुवर्षं.

सरांनी त्यांना स्क्रीनवर त्यांचीच अन्ननलिका दाखवली. "ही चामडी रोज भाजतेय. रोज भाजलेली जागा एक दिवस बिघडते. जिथे कॅन्सर व्हायचा तिथे तुम्ही स्वतः जमीन तयार करताय."

तांडेल म्हणाले, "सर, बोट हलते. चहा निवेपर्यंत तो सांडून जातो नायतर जाळी वर येते. काय करू?"

बायकोनेच सुनावलं, "बशीत ओता! किती वेळा सांगितलंय!"

"बोटीवर बशीतून पितात काय गो? खलाशी हसतील!"

पुढच्या खेपेला ते तपासणीला आले. सूज उतरली होती. शर्टाच्या खिशातून काहीतरी बाहेर डोकावत होतं. मी विचारलं तर त्यांनी काढून दाखवली, स्टीलची बशी! म्हणाले, "आता सगळे खलाशी एकेक घेऊन येतात. जो आणत नाय त्याला चहा नाय."

* * *

सुक्या मासळीचं तर विचारूच नका. एका भाऊंच्या जठराला जखमा होत्या. सरांनी सांगितलं, खारवलेलं सुकं रोज खाऊ नका, सणावारी एखादा तुकडा ठीक. भाऊंचे डोळे भरून आले. हो, खरंच भरून आले! पण माणूस शब्दाचा पक्का.

दोन दिवसांनी दवाखान्यात असा काही वास सुटला की ओपीडीतले निम्मे पेशंट उठून बाहेर गेले, आणि उरलेल्या निम्म्यांना भूक लागली. भाऊ गोणपाट घेऊन आले होते. खारा बांगडा, सोडे, सुकट, वर्षाची अख्खी बेगमी.

"सर, घरात ठेवलं तर हात जाणार. म्हणून तुमच्यासाठी आणलं."

सर म्हणाले, "अहो, जे तुम्हाला वाईट ते मला कसं चालेल?"

"तुम्ही डॉक्टर आहात," भाऊ म्हणाले, "तुम्हाला काय होतंय!"

* * *

आता ही गोष्ट खोटी वाटेल, पण देवाशपथ खरी आहे. एका मास्तरांच्या शौचातून वर्षभर रक्त जात होतं. त्यांनी स्वतःच ठरवलं, मूळव्याध आहे. भाजी खात नव्हते. "श्रावणात महिनाभर खातो की!" असं वर तोंड करून सांगायचे. सरांनी मोठ्या आतड्याची तपासणी ठरवली. त्यासाठी आदल्या दिवशी औषधाची पावडर मोठ्या भांड्याभर पाण्यात मिसळून सगळी प्यायची असते, म्हणजे पोट धुऊन निघतं. मी नीट समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी दुर्बीण घातली तर आत काही दिसेना. पोट साफच नव्हतं! सर माझ्याकडे बघायला लागले. मी बाहेर येऊन मास्तरांच्या बायकोला विचारलं, "सगळं औषध पाजलंत ना?"

"सगळं संपवलं ओ, थेंब नाय ठेवला," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "सगळ्यांनी घेतलं ना."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"सासूबाईंनी, मी, मुलांनी. मुंबईहून दीर नि जाऊ आलेत, त्यांना पण एकेक ग्लास दिला. पूर्वी आमच्याकडे गणपतीआधी सगळ्यांना एरंडेल द्यायचे. म्हटलं, एवढं महागाचं औषध घरात आलंय, एकट्याने प्यायचं बरं दिसतं काय?"

मी भिंतीला टेकले. घरात संडास एकच, हे मला मागाहून कळलं. दीर नि जाऊ दुसऱ्याच दिवशी मुंबईला परत गेले म्हणे!

मास्तरांना पुन्हा बोलावलं. या वेळी औषध त्यांनी दवाखान्यात, माझ्यासमोर प्यायलं. आतड्यात एक गाठ निघाली, शेंगदाण्याएवढी. सरांनी तिथल्या तिथे तारेने कापून काढली. "मास्तर, हा कोंब होता," सर म्हणाले. "ठेवला असता तर झाड झालं असतं." त्या दिवशी मास्तरांचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक ऐकला. आता भेटले की आधी पिशवीतली भाजी दाखवतात.

* * *

सगळेच हसायचे नसतात. गेल्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर एक मुलगा आला. वय तिशीच्या आत. मुंबईत कंपनीत रात्रपाळी, खोलीवर एकटा. जेवण म्हणजे वडापाव नाहीतर गाडीवरचं चायनीज, जोडीला सिगारेट. रक्त जात होतं, वजन उतरलं होतं. मेडिकलवाल्याकडून मूळव्याधीचं मलम घेऊन लावत होता. सोबत आई होती. ती सारखी सांगत होती, "गॅस आहे हो, बाहेरचं खातो ना."

दुर्बीण आत सरकवताना सर आंब्याचं बोलत होते. बोलता बोलता थांबले.

मी मावशींकडे पाहिलं. मावशींनी डोळे मिटले. इतक्या लहान वयात? माझा स्वतःचा भाऊ त्याच वयाचा आहे.

रिपोर्ट आला. सरांनी दोघांना बसवून सगळं समजावलं, लवकर ऑपरेशन केलं तर चांगलं होईल, असंही सांगितलं. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सर, शिमग्याची पालखी नाचवून आलो तर चालेल? आमच्या वाडीचा मान आहे."

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नाचव. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इथे."

तो सकाळी आला. ऑपरेशनला नेताना मी त्याचा चेहरा पुसत होते, तर कानात गुलाल! कितीही पुसला तरी निघेना. तसाच आत गेला. आता मुंबईला केमो चालू आहे, आई डबा करून देते, असं परवा फोनवर कळलं. मला अजून त्याच्या कानातला तो गुलाल आठवतो.

* * *

तर मावशी. दुसऱ्यांच्या पुड्या पिवळ्या पिशवीत टाकणाऱ्या आमच्या मावशींच्या स्वतःच्या कनवटीला एक पत्र्याची डबी असायची. एकदा ती खाली पडली आणि उघडली. मिश्री! मी तर हादरलेच.

"मावशी, तुम्ही? लोकांना शिव्या घालता नि स्वतः तंबाखू लावता?"

"ही तंबाखू कसली गो? ही मिश्री," मावशी म्हणाल्या. "तंबाखू कच्ची खातात. मिश्री तव्यावर भाजून काळी करतात. भाजल्यावर काय उरतंय तिच्यात?"

लहानपणापासून लावतात. गावी त्या नि त्यांची धाकटी जाऊ, दोघींची मिश्री एकाच तव्यावर भाजलेली. सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावायची, आणि थुंकायला जागा नसली की गिळायची.

मग माझ्या लक्षात आलं, मावशी डब्यात भाकरी आणेनाशा झाल्यात. नुसता भात, त्यावर भरपूर कालवण, आणि प्रत्येक घासाला पाणी. मी विचारलं, "मावशी, घास अडकतो?"

"दात हलतायत गो."

आमच्या खोलीत एवढी वर्षं काढलेल्या बाईला घास अडकण्याचा अर्थ मी सांगायचा? मी सरांना सांगितलं. सरांनी मावशींना बजावलं, "उद्या उपाशी पोटी या. दोन मिनिटांचं काम." दुसऱ्या दिवशी मावशी पोहे खाऊन आल्या. "विसरले, सर." पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं, तर चहा-बटर खाऊन आल्या. सर चिडले, मी रडले, भांडले. मावशी मान खाली घालून फरशी पुसत राहिल्या.

परवाच्या बुधवारी मावशींनीच त्यांच्या धाकट्या जावेला गावाहून आणलं. तिलाही घास अडकत होता. जाऊ टेबल बघूनच दारात बसली. "मना नको. मी घरी जातंय." सर समजावून थकले, मी समजावून थकले. तिने दाराची चौकट धरलेली, ती सोडेना.

मावशींनी हातातलं फडकं ठेवलं. टेबलावर चढल्या, डाव्या कुशीवर झाल्या. "बघ गो, असा झोपायचा." माउथपीस हातात घेतला आणि दातात धरण्याआधी सरांकडे बघून म्हणाल्या, "सर, आज माझा उपास हाय. पाणीसुद्धा नाय घेतलंय."

बुधवारी मावशींचा कसलाच उपास नसतो.

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, घालू?"

मावशींनी मान हलवली. मी घशात स्प्रे मारला, त्यांचं डोकं धरलं. त्यांनी माझं मनगट धरलं. दारात जाऊ टक लावून बघत होती.

दुर्बीण आत गेली. सरांनी सुरुवात केली, "मावशी, या वर्षी मोहोर काय आलाय सांगू! खालच्या कलमाला तर पान दिसत नाही. फक्त थंडी टिकली पाहिजे, नाहीतर..."

आणि सर गप्प झाले.

मावशींची बोटं माझ्या मनगटावर आवळली. सरांनी खुणेने चिमटा मागितला, तपासायला तुकडा घेतला, दुर्बीण बाहेर काढली.

मावशी उठून बसल्या. पदराने तोंड पुसलं. खाली उतरल्या, कनवटीची डबी काढली आणि पिवळ्या पिशवीत टाकली. मग दारापाशी जाऊन जावेचा हात चौकटीवरून सोडवला.

"बघितलंस ना गो? काय होत नाय. ये, झोप."